वाळूवरच्या होड्या

आमच्या वाचनालयात समुद्राच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. एका चित्रकाराने वादळात सापडलेली होडी काढली होती, दुसऱ्याने बंदरावरची मासळीची गडबड. मला तिसऱ्याचं चित्र आवडलं. लख्ख ऊन, वाळूवर ओढून ठेवलेल्या दहाबारा होड्या, आणि माणूस एकही नाही. बघून जीव निवला.

बाहेर मासे विकणाऱ्या हिराबाई आत डोकावल्या. वादळापुढून त्या सरळ निघून आल्या आणि याच चित्रापाशी थांबल्या.

"कोण गेलं होतं त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना.

"पावसाळ्यात होड्या माडाच्या झापांनी झाकतो आम्ही. या उघड्या आहेत, म्हणजे दिवस धंद्याचे. तरी एकही पाण्यात नाही. गावात मयत असली की कुणी दर्यात जात नाही, दादा."

चित्रकाराला हे ठाऊक नसावं. दिसलं ते त्याने इमानाने रंगवलं, आणि दुःख त्या उन्हात आपोआप उतरलं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही अशाच एका किनाऱ्यावर गेलो होतो. सगळ्या होड्या वाळूवर होत्या. आम्ही दिवसभर फोटो काढले. चहाची एकुलती टपरी बंद होती, म्हणून मी तेवढा कुरकुरलो होतो.