रेइनोचा मस्की

रेइनो हूहता दुधाची बाटली विकत घेण्याआधी झाकण उघडून वास घेतो. बटाट्याची गोणी घरी नेली की आपल्या काट्यावर पुन्हा तोलतो. एकदा चर्चमध्ये पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट झाली, तर याने पाद्र्यांना बाहेर गाठून विचारलं, मासे कुठल्या जातीचे होते. ते कुठे लिहिलेलं नाही, असं पाद्री म्हणाले. "वाटलंच होतं मला," म्हणून हा घरी गेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलं होतं ते मला ठाऊक नाही, आणि मी त्याच्या शेजारात जन्म काढला आहे.

आयुष्यभर त्याने ओंडक्यांचा ट्रक चालवला. बायको हेल्मी गेली तेव्हापासून हिवाळ्यात त्याचा मुक्काम टॅमरॅक तळ्यावरच्या खोपटीत असतो. तळं गोठलं की आमच्याकडे सगळेच आपापली लाकडी खोपटी ओढत बर्फावर नेतात, आत शेगडी पेटवतात आणि भोकात गळ सोडून बसतात. रेइनोच्या खोपटीत मला जागा मिळते, कारण मला माशातलं फारसं कळत नाही. ज्याला कळत नाही तो थापही मारत नाही, असा त्याचा हिशोब. मी पुल्ला पाव आणि कॉफी नेते, विणकाम करते आणि त्याचे टोमणे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देते.

पूर्वी माझ्याऐवजी हार्लन बसायचा. हार्लन ब्रेका हा रेइनोचा मेव्हणा, धाकट्या बहिणीचा, आयलीचा नवरा. तो नॉर्वेवाल्यांपैकी, म्हणजे इथे येऊन वसलेल्या आम्हा फिनिश लोकांच्या लेखी आधीच अर्धा संशयित. तरी दोघांचं गूळपीठ होतं. मग एका उन्हाळ्यात हार्लन कॅफेत आला आणि म्हणाला, मला आपल्या तळ्यात मस्की लागला. होडीपाशी आला, धडपडला, दोरी कापून सोडून द्यावा लागला.

टॅमरॅकमध्ये मस्की, म्हणजे तो दुर्मिळ, दांडगा शिकारी मासा, कधीच कुणाला मिळाला नव्हता. आहेत ते पाईक, आणि पाईक मस्कीचा सख्खा भाऊ शोभेल इतका सारखा दिसतो. भल्याभल्यांची फसगत होते. पण फसगत झाली असेल, एवढं म्हणून थांबेल तो रेइनो कसला. भरल्या कॅफेत तो म्हणाला, "हार्लन, तो पाईक होता हे तुला माहीत आहे. तू खोटं बोलतोयस." लोक हसले. मीही हसले, का लपवू? हार्लन कॉफी अर्धी टाकून निघून गेला. त्यानंतर तीन हिवाळे तो बर्फावर फिरकला नाही. स्वतःची खोपटी विकून टाकली, गळ गॅरेजात टांगले. नाताळात आयली भावाला वेगळं जेवण पाठवायची आणि डोळे पुसायची. हार्लनने राग धरला आहे, असं सगळेच म्हणत. नॉर्वेवाल्याचा राग बर्फासारखा हळू वितळतो, असं म्हणून रेइनो हात झटकायचा. पण खोपटीतली हार्लनची खुर्ची त्याने कुणाला बसायला दिली नाही, मलासुद्धा नाही. मी उलट्या बादलीवर बसते.

यंदा जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, आम्ही ओढ्याच्या तोंडाशी होतो. बाहेरच्या भोकावर झेंडी लावली होती. मासा आमिष ओढतो तशी ती टपकन उभी राहते. मी टाका घालत होते, रेइनो खिडकीतून झेंडीवर नजर ठेवून होता. झेंडी उभी राहिली. आधी तो म्हणाला, वाऱ्याने झाली असेल. वारा नव्हता. आम्ही बाहेर धावलो.

दोरी हाताने ओढायला त्याला बराच वेळ लागला. मासा तीनदा खाली पळाला. शेवटी भोकात डोकं दिसलं आणि रेइनोने कल्ल्याखाली बोटं घालून नुसतं तोंड वर धरलं. कल्ले आणि धड पाण्यातच ठेवलं, कारण या थंडीत माशाचे कल्ले बाहेर काढले तर क्षणात गोठतात.

मी जवळ गेले. पाईकचं अंग गडद असतं आणि त्यावर फिके ठिपके असतात, एवढं मलाही माहीत आहे. याचं अंग फिकट होतं आणि त्यावर गडद पट्टे होते.

"उजेडाने तसं दिसतंय," रेइनो म्हणाला.

त्याने मासा क्षणभर शेपटीपर्यंत वर काढला आणि पुन्हा पाण्यात धरला. शेपटीची टोकं अणकुचीदार होती. पाईकची गोल असतात. त्यावर तो म्हणाला, शेपटी कुठेतरी घासली असेल. मग त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि माशाचा जबडा उलटा केला. जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. एका बाजूला पाच किंवा कमी असली तर पाईक, सहा किंवा जास्त असली तर मस्की. रंग फसवतो, शेपटी फसवते, पण भोकं फसवत नाहीत, हे त्यानेच सगळ्या गावाला शिकवलं होतं. त्याने मोजली. एका भोकावर अंगठा येत होता म्हणून अंगठा सरकवून पुन्हा मोजली. मग दुसरी बाजू.

"तू मोज," तो मला म्हणाला. त्याची बोटं पांढरी पडली होती. मी मोजली. दोन्ही बाजूंना सात.

रेइनोने भोवती पाहिलं. तळ्यावर आमच्याजवळ कुणी नव्हतं. त्याची नजर मासे मारायच्या दांडक्यावर गेली आणि मला त्याच्या मनातलं स्वच्छ दिसलं. हिवाळ्यात मस्की ठेवायची मनाई आहे, लगेच सोडावा लागतो. पाईकला मनाई नाही. एक फटका, मग सुरी, मग तव्यावर लोणी. पोटात गेलेल्याची भोकं कोण मोजणार? सगळं मिटलं असतं, आणि हार्लन मरेपर्यंत खोटारडा राहिला असता.

"पाईकच म्हणायचा हा," तो हळूच म्हणाला. "लेम्पी, तुला माशातलं कळत नाही."

"मोजता येतं," मी म्हणाले.

मला भीती वाटत होती. माशाची नव्हे, या माणसाची, ज्याच्या शेजारी बसून मी आजवर नुसती विणत राहिले होते. तो तसाच गुडघ्यांवर होता. मग त्याने गळ सोडवला, हात पाण्यात घातला, माशाला दोन वेळा मागेपुढे हलवलं आणि सोडलं. शेपटीने पाणी उडवून मासा गेला.

ट्रकमध्ये बसल्यावर मात्र मूळ स्वभाव वर आला. म्हणाला, हार्लननेच कुठूनतरी आणून सोडला असेल, मला तोंडघशी पाडायला. मी म्हटलं, जो माणूस तीन वर्षं गॅरेजातून बाहेर पडत नाही, तो एवढं जनावर दुधाच्या कॅनमध्ये घालून आणेल होय? त्याने किल्ली फिरवली. मग म्हणाला, "फोटोपण नाही आपल्याकडे. माझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

"हार्लन ठेवील बहुतेक," मी म्हणाले. त्याने ट्रक आयलीच्या रस्त्याला वळवला.

दार आयलीने उघडलं. आम्हा दोघांना पाहून तिचा चेहरा उतरला. "कोण गेलं?" तिने विचारलं. कुणी नाही म्हटल्यावरही तिला खरं वाटेना. तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि गॅरेजातून हार्लनला बोलावलं. तो दाराच्या चौकटीत उभा राहिला, बसला नाही. केवढा वाळला होता.

रेइनोने टोपी काढली आणि टेबलाकडे बघत सांगितलं, ओढ्याच्या तोंडाशी मस्की लागला.

हार्लन माझ्याकडे वळला. "लेम्पी, हा माझी चेष्टा करायला आलाय का?"

"नाही," मी म्हणाले.

"भोकं मोजलीस?"

"दोन्ही बाजूंना सात," रेइनो म्हणाला. "हिनेही मोजली."

आता हार्लन बसला. मला वाटलं, शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी मोजली नव्हती रे. संध्याकाळ झाली होती, तो नुसता आपटत होता. तू सगळ्यांसमोर बोललास तेव्हा मला फार राग आला. पण मग रात्री पडल्या पडल्या आठवायला लागलो, आणि दर वेळी तो थोडा थोडा पाईकसारखा दिसायला लागला. आता मला शपथेवर विचारलंस ना, तर मला सांगता यायचं नाही. म्हणून मी तळ्यावर येत नाही. माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही."

आयलीचा हात तोंडावर गेला. तिलाही हे माहीत नव्हतं. आणि मी रेइनोकडे पाहिलं, कारण तीन वर्षं त्याला जे ऐकायचं होतं ते हेच. हो, पाईकच असेल तो, एवढं म्हणाला असता तरी जिंकला असता. कोणी त्याला खोटंही ठरवू शकलं नसतं.

रेइनोने विचारलं, "रंग कसा होता?"

"फिका. म्हणजे मला तसं वाटलं."

"पट्टे?"

"काळसर."

"शेपटी?"

"टोकदार होती बहुतेक. रेइनो, मला खरंच आठवत नाही."

"मस्की होता तो," रेइनो म्हणाला.

हार्लनने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "तू कुठे बघितलास?"

"मी नाही बघितला," रेइनो म्हणाला. "तू बघितलास ना."