शकुआत्याचा फालसा

पाडव्याच्या तोंडावर, एका टळटळीत दुपारी, नांदेडहून शबानाभाभींचा फोन आला. त्या माझ्या आत्याच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून; आत्याला आपा म्हणतात. एरवी फोनवर त्या इतक्या मोठ्यानं बोलतात की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी आवाज एवढा खाली होता की कोण बोलतंय तेच मला कळेना. "आपा जेवल्या, जराशा पडल्या... उठल्याच न्हाईत." लातूरहून निघालेल्या एसटीत मी खिडकीशी बसून रडत होते, आणि लोहा गाव मागं पडल्यावर मला एकदम हसू फुटलं. शेजारच्या बाईनं चमकून पाहिलं. तिला काय सांगणार? मला आत्याची रासबेरी आठवली होती.

शकुआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिनं रेल्वेच्या कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही आणि का केलं नाही याचा खुलासा कुणाला दिला नाही. रिटायर झाल्यावर मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेली आणि येताना मांडीवर रासबेरीची दोन रोपं घेऊन आली. तिथल्या माळ्यानं तिला सांगितलं होतं, फळ देऊन झालेली काडी बुडातून कापायची, म्हणजे नवी जोमानं येते. आत्यानं त्याच आठवड्यात छाटणीची कात्री आणली. उन्हाळा आला तशी तिनं रोपांभोवती ओली पोती बांधली, घरातला कूलर खिडकीत उलटा फिरवून वारा त्यांच्याकडे सोडला आणि स्वतः घामाघूम बसली. नांदेडचं ऊन ते! एकही फळ न देता रासबेरी वाळून गेली. कात्री मात्र कोरी करकरीत राहिली.

मग कंधारच्या एका मैत्रिणीनं तिला फालशाचं रोप दिलं. हे आपल्या हवेतलं. बघता बघता ते छपराच्या वर गेलं. अर्ध्या फांद्या शबानाभाभींच्या अंगणात, त्यांची सावली भाभींच्या भांडी घासायच्या जागेवर. फळं थोडी, तीही पार शेंड्याला, पाखरांच्या वाट्याची. तीन-चार वर्षं आत्यानं ते पाहिलं आणि एका डिसेंबरात, पानं झडल्यावर, ती कात्री आणि करवत घेऊन उतरली. संध्याकाळपर्यंत झाडाची गुडघ्याएवढी खुंटं उरली. भाभी बाजारातून आल्या आणि भिंतीपाशीच थबकल्या. "ये क्या करे जी आपा? अच्छे भले झाड को मार डाले!" डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. त्यांच्या लहानपणी, माहेरी, असल्याच झाडाखाली फालशाचं शरबत व्हायचं, हे त्यांनी आत्याला कितीदा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून होणारी वाट्यांची देवाणघेवाण बंद.

संक्रांतीला मी गेले तेव्हा आत्या त्या खुंटांसमोर पाटावर बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर्षे, खरं सांग. मारलं का गं मी ह्याला?" कचेरीत साहेबाला सुनावणाऱ्या बाईचा हा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी तिच्याशेजारी बसले. तिळाचा लाडू तिच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला, शेणखत घातलं, पाणी सोडलं आणि वाट पाहिली.

थोड्या दिवसांनी खुंटांवर मोहरीएवढे तांबूस डोळे फुटले. मग सरळसोट नव्या काड्या, मग पिवळी फुलं, आणि उन्हाळ्यात हाताला येतील अशी जांभळी फळं, काडीकाडीला चिकटलेली. पहिला वाडगा आत्यानं भिंतीवर ठेवला आणि हाक न मारता घरात पळाली. तासाभरात भाभी दारात, हातात शरबताचा जग. "पुढच्या साली मी पण कापणार," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर दर डिसेंबरात छाटणीला दोघी असायच्या, आणि भांडणही असायचं. कुठं कापायचं यावर त्यांचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही.

गेल्या डिसेंबरात आत्याला दम लागायचा. ती खुर्चीत बसली, कात्री माझ्या हातात. मी भीत भीत शेंडे खुडत होते. "अगं, हजामत नाही करायची त्याची! खाली काप, आणखी खाली," ती ओरडली. "एवढं जुनं जपलंस तर नवं फुटंल कुठून?" मी डोळे मिटून कापलं. भिंतीपलीकडून भाभी म्हणाल्या, "जास्ती हो गया!" आणि आत्या इतकी हसली की तिला खोकला आला. मग आम्ही तिघींनी अंगणातच हुरडा खाल्ला. आत्यानं सगळ्यात जास्त...

आता फालसे पिकलेत. ते सगळे एकदम पिकत नाहीत, रोज वेचावे लागतात, म्हणून सुट्टी काढून मी नांदेडलाच राहिलेय. काल दुपारी वेचून दमले आणि आत्याच्या खोलीत, तिच्या पलंगावर आडवी झाले. खोलीला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास आहे. कधी डोळा लागला कळलं नाही. भिंतीपलीकडून भाभींचा खणखणीत आवाज आला, "आपा, उठो जी! बुलबुलां पूरे फालसे खा रहे!"

मग पलीकडे एकदम शांतता. भाभींच्याही ध्यानात आलं असावं.

"आले, आले!" मी ओरडले आणि अनवाणीच अंगणात धावले.