केवळ सुधाकरच्या ताब्यात

सुधाकर गेल्याचे त्याच्या पत्नीने, वैजूने, मला रुग्णालयातून कळवले आणि तासाभरातच त्याच्या कंपनीतून फोन आला. अर्ध्या वाक्यात शोक आटोपून पलीकडचा गृहस्थ विचारता झाला, "साब, वो हाथ से लिखी हुई कॉपी किधर रखते थे?" माझा हा मावसभाऊ अजून चिक्कडपल्लीच्या घरी आणलाही नव्हता. त्या गृहस्थास मी जे सुनावले ते छापण्याजोगे नाही. नंतर पत्राने सविस्तर कळवले. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.

उदारीकरणाच्या लाटेत आमच्या शहराच्या आबिड्स भागात निघालेल्या त्या कंपनीत सुधाकर नेटवर्क सांभाळी. बिनखिडकीच्या गार खोलीत स्विच नावाच्या पेट्या होत्या; इमारतीतील सारे संगणक त्यांच्यामार्फत एकमेकांशी बोलत. कोणती तार कोणाची, कोणी कोणाशी बोलावे, हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेले असे. पेटीचे सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी सुधाकर ती फाइल फ्लॉपीवर घेई, शिवाय ओळ न ओळ वहीत उतरवी. मी हसलो तर म्हणे, "फ्लॉपी दगा देते, नाना. वही नाही देत."

एका रविवारी तो लग्नाला गेला असता साहेबांनी स्वतःच नवे सॉफ्टवेअर चढवले आणि चालू बदल जतन न करताच पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. आठवड्याभराचे काम पुसले गेले. सोमवारी सारी कचेरी मुकी, आणि ठपका सुधाकरवर! उभा जन्म न्यायालयाच्या कचेरीत कागद तपासलेला मी खवळलो. त्याच्या नावे कलमवार खुलासा लिहिला आणि शेवटचे कलम माझ्या बुद्धीने घातले: यापुढे या फाइली केवळ सुधाकरच्या ताब्यात राहतील, त्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीखेरीज कोणीही पेट्यांना हात लावू नये. कंपनीने ते विनातक्रार मान्य केले. विनातक्रार... तेथेच मला संशय यावयास हवा होता. मी मात्र माझ्या मलकपेठेत घरोघरी पेढे वाटले.

त्या दिवसापासून सुधाकर त्या खोलीचा झाला. वैजूचे वडील नांदेडला वारले तेव्हा ती एकटी गेली. रजेचे नाव काढले की साहेब माझेच कलम काढून दाखवीत, "आपीच लिख के दिये ना, सुधाकर साब?" छातीत दुखू लागल्यावर डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली, त्याच महिन्यात नव्या पेट्या यावयाच्या होत्या.

अखेर तो माझ्याकडे दोन ओळींचा अर्ज घेऊन आला. 'मला या जबाबदारीतून मुक्त करावे. वही दुसऱ्या कोणास सोपवू द्यावी.' बस्स. मी चष्मा पुसला.

"हा अर्ज म्हणायचा? हस्तांतराची यादी कुठे? साक्षीदार कुठे? उद्या वहीतलं पान कमी निघालं म्हणतील!"

"नक्को नाना, इतकं नक्को. मला नुस्तं बाहेर पडायचंय."

"पडशील. पण नियमानं."

"हौ," तो हसत म्हणाला, "तुमच्या नियमाला दार तेवढं ठेवत जावा जी."

तांबड्या शाईने दुरुस्त करून तो अर्ज मी दोनदा परत केला. तिसऱ्यांदा सुधाकर आला नाही. मला वाटले, रागावला.

ती वही वैजूने परवा माझ्या हाती ठेवली. पानापानांवर त्याचे बारीक, सरळ अक्षर. एकही खाडाखोड नाही. शेवटी, मी मागितली होती तशीच, संपूर्ण यादी: प्रत्येक पेटी, प्रत्येक फाइल, तिचे पान. त्याखाली त्याची सही, आणि 'साक्षीदार' या शब्दापुढे माझे नाव लिहून सोडलेली रिकामी जागा.

कंपनीला वही द्यावीच लागेल. सोबत जोडावयाचे पत्र मी चारदा लिहिले, चारदा फाडले. शेवटी त्याच्याच अर्जातील दोन ओळी स्वच्छ उतरवून काढल्या, शब्दाचाही फेरफार न करता. मग वहीत साक्षीदार म्हणून सही केली. सहीखाली तारीख घालण्याची माझी चाळीस वर्षांची सवय... लेखणी तेथवर नेली, आजची तारीख त्याच्या जाण्यानंतरची पडणार हे ध्यानात आले आणि तशीच धरून बसलो.