आई, डावीकडं सरक

तळेगावच्या मैदानावर मुलींचा सराव घेत होते. पलीकडच्या शेतातून नुकत्याच कापलेल्या भाताचा वास आला आणि शिट्टी माझ्या ओठांतच राहिली.

फुटबॉल कोचच्या परीक्षेआधी मी वलवणला, आमच्या कापणी झालेल्या खाचरात तयारी करायचे. शिकवून दाखवायला खेळाडू कुठून आणणार? मग एका संध्याकाळी आईलाच उभं केलं. पदर खोचून ती बांधाजवळ उभी राहिली आणि मी ओरडत राहिले, "आई, डावीकडं सरक! जागा धर!"

"धरलीय की," ती म्हणाली. "पन बॉल माज्याकडं कवा येनार?"

शेवटी दिला. तिनं असा काही हाणला की बॉल धसकटांत अडकला आणि चप्पल बांधापलीकडं गेली. एका पायावर उभी राहून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला मात्र घाई होती. "आई, परीक्षा हाय माजी!"

पास झाले. आता त्या खाचरावर कुणाचा तरी बंगला आहे, आणि आई नाही.

मैदानाच्या कडेला एक मुलगी मघापासून उभी होती, सांगितलेली जागा धरून.

"बॉल तिला द्या," मी ओरडले. "आधी तिला!"