देठातला चीक

आज अंगणातली पानं गोळा करताना ओल्या मेपलचा गोडसर वास आला आणि अमेरिकेत, पिस्कॅटवेतला माझा पहिला सप्टेंबर आठवला.

तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. नागपूरला कॉलेजात बॉटनी शिकवणारी मी दिवसभर घरात बसून असे. एका सकाळी आमच्या कॉम्प्लेक्सचा मॅनेजर करवत घेतलेली माणसं घेऊन आला. दारातल्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे नॉर्वे मेपल आहे. बाहेरून आलेलं, फार पसरतं. काढायचंय."

मी एक पान तोडलं आणि देठ मोडून त्याच्यासमोर धरला. नॉर्वे मेपलच्या देठातून पांढरा चीक येतो. इथे पाण्यासारखा नितळ थेंब आला.

"हे शुगर मेपल आहे. इथलंच," मी अडखळत्या इंग्रजीत सांगितलं.

तो माझ्याऐवजी नवऱ्याकडे बघू लागला. निखिल हळूच म्हणाला, "सोड ना यार. आपण भाड्यानं राहतो इथे."

"भाडेकरूला डोळे नसतात का?" मी म्हटलं आणि खोडाला पाठ लावून उभी राहिले.

मॅनेजरनं पानाचा फोटो कुणालातरी पाठवला. फोनवर बराच वेळ बोलला आणि माणसांना घेऊन निघून गेला.

तेव्हा वाटलं, मी झाडासाठी भांडले. आता वाटतं, मला काय येतं हे इथे कुणी विचारतच नव्हतं, म्हणून न विचारता सांगितलं.

रात्री जेवताना निखिल म्हणाला, "आणि चीक निघाला असता तर?"

"तरी उभी राहिले असते," मी म्हणाले.