एका रेणूइतका थर

सोन्याचा एवढा नाद असलेला आणि सोन्याचा जरासुद्धा लोभ नसलेला माणूस आमच्या साडूंखेरीज वाशीम जिल्ह्यात दुसरा नसावा. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि कित्येक वर्षं पीएच.डी. करत आहेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या काचपट्टीवर सेंद्रिय रेणूंचा एकच थर बसवायचा आणि त्यामुळे सोन्यातून इलेक्ट्रॉन निघणं सोपं होतं की अवघड, ते मोजायचं, एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं. मेहुणी सराफाकडे बांगड्या पाहत होती, तर हे विचारतात, "याले हात कोणाकोणाचे लागले?" सराफ म्हणाला, "सर, सोनं आतून-बाहेरून सारखंच असते." "तेच तं नसते ना भाऊ!" म्हणत यांनी त्याची शिकवणी घेतली. रिठदच्या एका लग्नात पुढाऱ्यांचे लांबलचक आशीर्वाद संपल्यावर माइक यांच्या हाती आला. "रेणू धातूवर बसला का पयल्यासारखा राहत नाही, अन् धातूही राहत नाही. सांभाळून घ्या एकमेकाले," एवढं बोलून ते खाली बसले. त्या दिवशी ऐकण्यासारखं तेवढंच झालं.

मोजायचं यंत्र पुण्याला. तिथे नंबर लागायला दहा महिने गेले होते आणि प्रबंधाची मुदत त्यावरच अडकलेली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. दिवाळी तोंडावर आलेली, पितळी भांडी चिंचेने घासून निघत होती. भांड्यांसोबत मेहुणीने पुण्याला न्यायची, टेबलावरची काचपट्टीही घासली आणि लखलखीत करून यांच्या हातात दिली.

"काहून घासली वं?"

"धुरकट दिसे. म्हटलं, पुण्याले नेता तं साफ न्या."

साडूंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "दिसे तुले? नुसत्या डोळ्यानं?"

"मंग! खिडकीत धरली तं सायीसारखं दिसे."

"एका रेणूचा थर दिसत नसते. म्हंजे मीच जाड बसवला होता." आणि या माणसाने, प्रबंध लांबला असताना, बायकोचे आभार मानले.

तेव्हापासून प्रत्येक पट्टी आधी मेहुणीसमोर जाते. "या कोपऱ्यात हाय थोडंसं," असं ती म्हणाली की ती पट्टी बाद. वाढवून मिळालेली मुदतही आता संपत आली आहे. परवा तिने पट्टी खिडकीत धरून फिरवफिरव फिरवली आणि म्हणाली, "काहीच नाही दिसत."

साडूंचा चेहरा उजळला. त्यांनी पट्टी माझ्याकडे दिली. तिच्यावरची साय मला बसल्या जागेवरून दिसत होती. मी पट्टी परत केली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे, आणि मेहुणीसमोर हात धरला.

"हे बोटं किती?"

"तीन. काहून?"

त्यांनी दोनच धरली होती. पट्टी तशीच खिडकीत ठेवून ते चपला शोधायला लागले. "चाल," म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. पुणं कुठी पळून चाललं?"