पाक विर्योनोंच्या लेकीचं निमंत्रण

क्लातेन शहरातल्या आमच्या गल्लीत आजवर एकही कॉम्प्युटर माणसाच्या हातून बिघडलेला नाही. तो आपोआप बिघडतो. निदान पाक विर्योनोंना तरी गेली बावीस वर्षं हेच सांगण्यात आलंय. (वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'.)

शाळेची कॉम्प्युटरची खोली सांभाळून ते निवृत्त झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल टाकून बसले. गिऱ्हाईक येतं ते लॅपटॉप बाळंतिणीच्या बाळासारखा टॉवेलात गुंडाळून. आधी चहा होतो, मग यंदाच्या भाताची चौकशी, मग कुणाच्या तरी गुडघ्यांची. आणि मग विर्योनो हळूच विचारतात, "काय झालं याला?"

"काही नाही हो पाक. सकाळी उठलो तर हा असा."

"काही सांडलंबिंडलं?"

"छे! सांडायला काय लहान आहोत?"

विर्योनो लॅपटॉप उलटा धरून हलवतात. वाळलेल्या गोड चहाचे दोन खडे टेबलावर पडतात आणि त्यांच्यामागून एक मुंगी चालत येते. विर्योनो मुंगीकडे बघतात, गिऱ्हाईक छताकडे बघतं. आलेल्या माणसाला तोंडावर खोटं पाडणं आमच्याकडे बसत नाही. म्हणून विर्योनो म्हणतात, "हल्ली मुंग्या फार चहा पितात."

"तेच म्हणतो मी!" गिऱ्हाईकाचा जीव भांड्यात पडतो.

एवढ्या मऊ माणसाला कडक व्हावं लागलं ते बू सुदार्मींमुळे. या गल्लीप्रमुखांच्या पत्नी. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे झाकण उघडण्याआधी त्यांना कळतं. त्यांच्या फोनवर एका अनोळखी नंबरावरून लग्नाचं निमंत्रण आलं. लग्न कुणाचं, ते काही आठवेना. पण निमंत्रण आलं म्हणजे आपली ओळख असणारच, आणि विसरलो हे दाखवायचं तरी कसं? त्यांनी पत्रिका उघडली. ती पत्रिका नव्हतीच, फोनमध्ये शिरणारा चोर होता. त्यानं बू सुदार्मींच्या नावानं, त्यांच्या ओळखीच्या तीनशे बारा माणसांना तेच निमंत्रण धाडून दिलं.

रविवारी सतरा माणसं ठेवणीतले बाटिकचे शर्ट घालून, भेटवस्तू घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. बू सुदार्मींना दोन मुलगे, मोठा पाचवीत. आता पाहुण्यांना "लग्न नाही" सांगणार कसं? त्यांनी सतराही जणांना बसवलं, चहा दिला, सोयाबीनचं तेम्पे तळलं, भात वाढला. पाहुण्यांपैकीही कुणी "नवरी कुठंय?" असं विचारलं नाही. जेवले, आशीर्वाद दिले, गेले.

गल्लीच्या पुढच्या मासिक सभेत विर्योनो उभे राहिले. एरवी ते पासवर्डावर बोलत, महत्त्वाच्या फायली दोन ठिकाणी ठेवा म्हणत, आणि लोक माना डोलवून घरी जाऊन जैसे थे. त्या दिवशी मात्र आवाज चढला. "अनोळखी नंबरावरून निमंत्रण आलं तर उघडायचं नाही! नंबर बंद करून टाकायचा. आणि शंका असेल तर यजमानांना त्यांच्या नेहमीच्या नंबरावर फोन करून विचारायचं, 'हे तुम्हीच पाठवलंत का?' काय विचारायचं?"

"तुम्हीच पाठवलंत का!" सभा एका सुरात म्हणाली. बू सुदार्मींचा आवाज सगळ्यांत वर होता.

यानंतर चार महिन्यांनी विर्योनोंच्या एकुलत्या एक लेकीचं, वेनिंगचं लग्न ठरलं. ती सुराबायाला नोकरी करते. "बापक, दारोदार हिंडून बोलवायचे दिवस गेले," ती म्हणाली. "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मी फोनवर सुंदर पत्रिका पाठवते." कॉम्प्युटरवाले म्हटल्यावर बाप विरघळला. त्यांनी पत्रिका नीट तपासली. धोक्याची एकही खूण नाही. फुलं उमलतात, दोन पक्षी येऊन चोच जुळवतात, सगळं शुद्ध. वेनिंगनं ती गल्लीतल्या ऐंशी घरांना पाठवली. तिच्या नव्या नंबरावरून. डॉक्टरला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही म्हणतात, ते असं.

लग्न रविवारचं. आमच्याकडे कार्याच्या तीन दिवस आधीपासून गल्लीतल्या बायका आपापली सुरी आणि पाट घेऊन स्वयंपाकाला येतात. बोलावलेल्या घरानं यायचंच असतं. गुरुवार उजाडला. मांडव उभा राहिला, भलीमोठी पातेली आली, वीस किलो कांदा आला. बायका आल्या नाहीत. दुपार झाली. विर्योनोंच्या पत्नी बू मुर्नी कांद्याच्या ढिगासमोर एकट्या बसल्या होत्या.

"एक बाई नाही आली हो! एक! कुणाचं काय वाकडं केलंत तुम्ही?"

"मी? मी काहीच नाही केलं. आपोआप..." विर्योनो बोलता बोलता थांबले. हे वाक्य त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं हजार वेळा ऐकलं होतं.

"रविवारी आठशे पानं उठायची आहेत," बू मुर्नी म्हणाल्या, आणि सुरी खाली ठेवून तोंडाला पदर लावला. "नवऱ्याकडच्यांना काय सांगू? की आम्हाला शेजारी नाहीत?"

विर्योनो बाहेर पडले. बिघाड शोधायचा तर एका टोकापासून सुरुवात करायची, हे त्यांना माहीत होतं. पहिल्या टोकाला पाक गियार्तो कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"मांडव छान झालाय," गियार्तो म्हणाले. कोंबड्यांना.

"हो ना. आणि घरी सगळे... बरे?"

"बरे. मोकळेच आहोत. रविवारीसुद्धा मोकळेच." एवढं बोलून गियार्तोंनी अख्खी मूठ एकाच कोंबडीवर ओतली.

विर्योनोंनी मधली घरं सोडून दिली. ते सरळ बू सुदार्मींकडे गेले. पहिला चहा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला बू सुदार्मी म्हणाल्या, "माझी एक मैत्रीण आहे, पाक. तिला एक निमंत्रण आलंय. अनोळखी नंबर. चोरटे तरी काय हुशार हो! मुलीचं नाव बरोबर, तारीख बरोबर, मांडवाची जागासुद्धा बरोबर. पण तुमची शिकवण! तिनं लगेच नंबर बंद केला. तिनंच काय, गल्लीत सगळ्यांनीच."

विर्योनोंनी कप खाली ठेवला. "मग त्या मैत्रिणीनं मुलीच्या वडिलांना फोन का नाही केला? मी सांगितलं होतं ना, विचारा म्हणून?"

"काय विचारायचं, पाक? 'आम्हाला बोलावलंय का' असं?" बू सुदार्मींनी कपाळाला हात लावला. "आणि ते नाही म्हणाले तर? त्या बाईनं त्याच गल्लीत राहायचं, त्याच नळावर पाणी भरायचं. चोर परवडला हो, तो निदान लाज तरी काढत नाही."

"पण सभेत तर तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणालात..."

"सभेत म्हणायचं असतं. करायचं असतं असं थोडंच आहे?"

विर्योनोंनी मनात हिशेब केला. ऐंशी घरं. ऐंशी घरांत चार दिवस लोक रुसून बसलेत, की विर्योनोनं आपल्याला वगळलं. आणि कुणी एक अक्षर बोललं नाही, कारण ते सगळे सभ्य आहेत. मग ते उठले, दाराबाहेर गेले, चपला घातल्या, चपला काढल्या आणि पुन्हा आत येऊन गुडघ्यांवर बसले.

"बू, रविवारी आमच्या वेनिंगचं लग्न आहे. तुम्ही सहकुटुंब यायचं. आणि मुर्नी वीस किलो कांद्यापुढे एकटी बसलीय."

"अगंबाई! लग्न? खरं की काय!" बू सुदार्मींनी असा चेहरा केला की जणू मांडव त्यांच्या खिडकीतून दिसतच नव्हता. मग डोळे बारीक केले. "पण पाक, खात्री केलेली बरी. हे तुम्हीच बोलताय ना?"

"मीच बोलतोय, बू."

"नेहमीच्याच तोंडानं?"

"नेहमीच्याच."

"मग माझ्या त्या मैत्रिणीलाही सांगते."

उरलेली एकोणऐंशी घरं विर्योनोंनी एकेक करून पालथी घालायची ठरवलं. पण घर म्हटलं की चहा. तिसऱ्या घरी पाचवा चहा पोटात असताना त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. बायका चालल्या होत्या, काखेत पाट, हातात सुरी, आणि सगळ्यांच्या पुढे बू सुदार्मी. ते घरी पोचले तेव्हा अंगणात चाळीस सुऱ्या चालत होत्या. बू मुर्नींचा पदर कमरेला खोचलेला होता आणि तोंडाचा पट्टा सुरू होता.

"आलात? बसा इथं. नंबर तुमच्या लेकीचा बंद केलाय, तो चालू कोण करणार?"

एका सुपात चाळीस फोन घालून विर्योनोंपुढे ठेवले होते. शेजारच्या सुपात कांदा. एकेक फोन पुसून ते लेकीला पुन्हा आत घेऊ लागले. प्रत्येकात दोन पक्षी येऊन चोच जुळवत होते आणि बायका मान वळवून "किती गोड!" म्हणत होत्या.

"पण पाक," गियार्तोंच्या बायकोनं विचारलं, "पुढच्या वेळी खरं खोटं ओळखायचं कसं? विचारायची तर चोरी."

विर्योनोंनी थोडा विचार केला. "यजमानांना विचारू नका. बू सुदार्मींना विचारा. कोण कुणाला बोलावतंय हे त्यांना यजमानांच्या आधी कळतं."

सुऱ्या थांबल्या. याहून पक्का उपाय त्यांनी बावीस वर्षांत सांगितला नव्हता, हे सगळ्यांनाच पटलं.

बू सुदार्मींनी ओठ मुडपले, मिरवलं आणि मग बोट उगारलं. "मी सांगेन. पण असं उघड विचारायला यायचं नाही हं. मिठाची वाटी घेऊन यायचं. खरं असलं तर मीठ देईन, खोटं असलं तर म्हणेन, संपलंय."